झेंड्यानंतरची खुर्ची

“चार तास स्कीइंग आणि पाचच रन, आजोबा. पाच!” ईशानीनं ओले मोजे टेबलाच्या कडेला वाळत टाकले. “दोनपैकी एक लिफ्ट ख्रिसमसपासून बंद. दुसरी दर दहा मिनिटांनी थांबते. थांबली की बसा अधांतरी, पाय गारठेपर्यंत.”

“अँड देन दे क्लोज्ड अर्ली,” नील म्हणाला. “नऊला दोन-तीन मिनिटं होती. त्या लिफ्टवाल्यानं दोरी लावून टाकली. आय जस्ट लॉस्ट इट.”

“काय बोललास त्याला?” हेमचंद्र आजोबांनी विचारलं.

नीलनं नुसते खांदे उडवले.

कॅनडातल्या त्या केंब्रिजमध्ये त्या रात्री सातपासून वीज नव्हती. गोठत्या पावसानं कुठेतरी तारा तुटल्या होत्या. किचनच्या टेबलावर टॉर्च उभा करून ठेवला होता, त्याचा गोल उजेड छतावर पडला होता. एकोणऐंशी वर्षांचे आजोबा खांद्यावरून ब्लँकेट घेऊन बसले होते. ते म्हणाले, “आपल्या बेसमेंटमध्ये शैलेंद्र राहायचा, आठवतो?”

“हो, शैलेंद्र काका,” ईशानी म्हणाली. “ही हॅड अ हार्ट अटॅक, ना?”

“तुम्हाला तसं सांगितलं होतं. बसा इथे. त्याच्याबरोबर काय झालं ते सांगतो. अर्धं त्यानंच मला सांगितलंय, अर्धं मी डोळ्यांनी पाहिलंय.”

आणि आजोबा सांगू लागले.

शैलेंद्र नागपूरचा. बेचाळीस वर्षांचा. तिकडे इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होता, हाताखाली अकरा माणसं. लिफ्ट अडकली की रात्री-बेरात्री लोक त्याला फोन करायचे आणि ‘बोधनकर साहेब आले’ म्हटलं की आत अडकलेल्यांच्या जिवात जीव यायचा. इथे आल्यावर त्या सगळ्याचा काहीच उपयोग झाला नाही. लायसन्स नाही, इथला अनुभव नाही. दोन वर्षं अप्लाय करून करून थकला. शेवटी इथून सव्वा तासावरच्या एका छोट्या स्की टेकडीवर काम मिळालं. टेकडीचं नाव सांगत नाही. तिथे लोकांना खुर्चीवर बसवायचं, फावड्यानं बर्फ शोव्हल करायचा, दोरी लावायची. आईला फोनवर सांगायचा, ‘लिफ्टचंच काम आहे गं.’ खोटं नव्हतं ते.

मागच्या वर्षीची गोष्ट. सहा फेब्रुवारी, गुरुवार. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. शीलानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला कणीक आणि कढीपत्ता आणायला पाठवलं. ती एका पार्ट्सच्या कारखान्यात रात्रपाळीला जायची, त्या आधी तिला पोळ्या करून ठेवायच्या होत्या. शैलेंद्रनं कणकेची पिशवी गाडीत टाकली आणि तेवढ्यात टेकडीवरच्या मॅनेजरचा फोन आला. खालच्या लिफ्टवरचा माणूस आजारी पडलाय, येशील का? नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं शीलाला फोन केला, ‘तू जेवून घे, मी साडेदहापर्यंत येतो,’ आणि कणीक तशीच मागे ठेवून उत्तरेला निघाला.

ती लिफ्ट तुम्हाला माहीतच आहे तशी. जाड तारेला टांगलेल्या दोघा-दोघांच्या खुर्च्या, बसल्यावर मांडीवर आडवा दांडा ओढून घ्यायचा. तार गोल फिरत राहते. खाली एक माणूस, वर एक माणूस, दोघांच्या केबिनमध्ये फोन. रात्री बंद करताना खालचा माणूस शेवटच्या खुर्चीला लाल झेंडा लावतो. त्या खुर्चीनंतर कुणालाही बसू द्यायचं नाही. झेंडा वर पोचला की वरचा फोन करतो, मग खालचा लिफ्ट थांबवतो. साधा नियम, पण त्याच्यावर माणसाचा जीव असतो.

वर त्या रात्री लुक होता. क्वेबेकमधल्या लव्हालकडचा म्हातारा, तीस वर्षं त्या टेकडीवर काढलेला, दिसेल त्याला फ्रेंचमध्ये ‘मोनामी’, म्हणजे ‘मित्रा’, म्हणणारा.

संध्याकाळ वाईट गेली. दुसरी लिफ्ट बंदच, त्यामुळे अख्खी गर्दी हिच्यावर. शिकाऊ पोरं चढताना पडायची, की लिफ्ट थांबवा. वारा वाढला, की थांबवा. दर वेळी रांगेतले लोक शैलेंद्रवर ओरडायचे. एक बाई त्याच्या उच्चारांची नक्कल करून आपल्या मैत्रिणींना हसवत होती. एका बापानं पोरांसमोर विचारलं, ‘हे मशीन चालवायला तुला कुणी शिकवलंय का, की असाच उभा केलाय?’ दुसरी लिफ्ट बंद का, रांग इतकी लांब का, वारा का सुटला, सगळ्याचा जाब त्याला. शैलेंद्र प्रत्येकाला ‘सॉरी’ म्हणत होता. चार तास. मला म्हणाला, “काका, लोक ओरडून राहिले होते ना, तेव्हा मी त्यांचे चेहरे पाहणंच सोडलं. नुसते बूट पाहत होतो.”

नऊ वाजत आले. रांग संपली. त्यानं झेंडा लावून शेवटची खुर्ची वर सोडली आणि दोरी लावायला वळला.

दोरीपलीकडे एक माणूस उभा होता.

साठीचा. निळं, जुनं जॅकेट. लांब, सरळसोट स्की, पूर्वी असायचे तसे. केबिनमधल्या घड्याळात नऊला दोन मिनिटं कमी होती. तो माणूस हळू आवाजात म्हणाला, “अजून दोन मिनिटं आहेत ना? फार लांबून आलोय. एकदाच जाऊन येतो.”

ओरडला नाही, वाद घातला नाही. शैलेंद्रनं न बोलता दोरी उचलली. तो खुर्चीवर बसला आणि जाता जाता म्हणाला, “थँक यू, सर.”

त्या संध्याकाळी त्याला सर म्हणणारा तो एकटाच.

झेंड्यानंतर कुणाला बसवलं, तर ताबडतोब वर फोन करून सांगायचं असतं. शैलेंद्रनं रिसीव्हरवर हात ठेवला. आणि उचलला नाही.

तो खुर्चीकडे बघत राहिला. एक खांब, दोन खांब, तीन. पाचव्या खांबापुढे खोल घळ आहे, तिथे खुर्च्या जमिनीपासून सर्वांत उंच. तिमजली घराच्या छपराएवढ्या. ती खुर्ची घळीवर आली आणि शैलेंद्रनं लाल बटण दाबलं.

का? मीही त्याला हेच विचारलं. म्हणाला, “सगळी संध्याकाळ मी लटकत होतो, काका. म्हटलं, पाच मिनिटं आता दुसरं कुणी लटकू दे.”

ज्यांनी त्याला हिणवलं ते सगळे गाड्यांचे हीटर लावून घरी निघाले होते. सापडला तो हा.

फोन वाजला. वरून लुक. “काय झालं?”

“छोटी गडबड आहे. पाच मिनिटं.”

“लाइनवर कुणी आहे?”

शैलेंद्रनं खिडकीतून वर पाहिलं. दिव्यांच्या उजेडात ती खुर्ची वाऱ्यानं झुलत होती. माणसानं मान वळवून खाली बघितलं. मग एक हात वर केला. मदतीला बोलावतात तसा नाही. चालू दे तुझं, मला घाई नाही, असा.

“नाही,” शैलेंद्र म्हणाला. “कुणी नाही.”

उणे एकोणीस होतं. वर वारा. त्यानं थर्मासमधला चहा ओतला. पाच मिनिटं झाली. चहा गरम होता, त्यानं दुसरा कप घेतला. आठ मिनिटं झाली. मला हे सांगताना तो शोव्हलच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा होता. म्हणाला, “खरं सांगू का काका? बरं वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं.”

अकराव्या मिनिटाला त्यानं पुन्हा वर पाहिलं. तो माणूस तसाच बसला होता. हात अजून वरच होता.

तसाच.

शैलेंद्रनं घाईनं लिफ्ट चालू केली आणि वर फोन लावला. “लुक, झेंड्यानंतर तिसऱ्या खुर्चीवर एक जण आहे. त्याला नीट उतरव.”

“तू तर म्हणालास कुणी नाही.”

“नंतर दिसला.”

फोन कानाला तसाच. वर झेंडा पोचल्याचं लुकनं सांगितलं. पहिली खुर्ची, रिकामी. दुसरी, रिकामी.



“लुक?”

“…”

“लुक, तिसरी?”

“रिकामी आहे, मोनामी.”

त्यांनी अख्खी तार फिरवली. एकेक खुर्ची मोजली. रिकाम्या. शैलेंद्र टॉर्च घेऊन गुडघाभर बर्फातून घळीपर्यंत चढला. पाचपासून भुरभुर चालू होती, खालचा बर्फ कोरा होता. कुणी पडल्याचा खड्डा नाही, काही नाही. पार्किंगमध्ये दोनच गाड्या, एक त्याची, एक लुकची.

लुक खाली आला. केबिनमध्ये बसून त्यानं विचारलं, “कसा होता दिसायला?”

शैलेंद्रनं सांगितलं. निळं जॅकेट, लांब स्की.

लुकनं डोक्यावरची टोपी काढली. “तू लिफ्ट थांबवलीस, तेव्हा तो खुर्चीवर दिसला होता का?”

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण नोकरी होती. लाज होती. शैलेंद्र म्हणाला, “नाही. म्हटलं ना, नंतर दिसला.”

“मग ठीक आहे.” लुकनं श्वास सोडला. “मग काही नाही. तो येतो. इथे काम केलेल्या सगळ्यांना दिसलाय. बावीस वर्षांपूर्वी खालच्या माणसानं न बघता लिफ्ट बंद केली आणि घरी गेला. हा सकाळी सापडला, वर घळीत, खुर्चीवर बसलेला. तो पोरगा विसरला होता बिचारा. विसरणाऱ्याला यानं कधी त्रास दिला नाही. नाही म्हटलं तर निघून जातो. बसवलं तर वर पोचेपर्यंत नाहीसा होतो. फक्त त्याला कुणी मुद्दाम…” लुक थांबला.

“मुद्दाम काय?”

“जाऊ दे. तू तर मुद्दाम थांबवली नाहीस. मग तुला कशाला हवंय?”

शैलेंद्र घरी आला तेव्हा शीला शिफ्टला निघून गेली होती. पोळ्या झाल्या नव्हत्या. तो तसाच झोपला.

दुसऱ्या रात्री तो बेसमेंटमध्ये एकटा टीव्ही बघत होता. आपल्या बेसमेंटची ती मागची खिडकी आहे ना, छतालगतची? बाहेरून ती जमिनीशी येते. अंगणात कुणी आलं तर आतून फक्त पाय दिसतात.

नऊला दोन मिनिटं होती.

खिडकीच्या वरच्या कडेला दोन स्कीची टोकं दिसली. बर्फावर टेकलेली नव्हती. हवेत होती. हळूहळू झुलत होती.

त्यानं टीव्ही बंद केला. टोकं झुलत राहिली. अकरा मिनिटं… मग नाहीशी.

तिसऱ्या रात्री पुन्हा. या वेळी स्की पूर्ण दिसले. थोडे खाली आले होते.

चौथ्या रात्री बूट.

पाचव्या रात्री शीला घरी होती. त्यानं तिला खिडकीसमोर उभं केलं. तिला काही दिसलं नाही. एवढंच म्हणाली, “इथून किती गार वारा येतोय हो, काच नीट लागत नाही का?” काच घट्ट बंद होती.

त्यानं लुकला फोन केला. म्हणाला, “मी खोटं बोललो. तो खुर्चीवर होता. मी बघून थांबवली.”

लुकनं विचारलं, “किती वेळ?”

“अकरा मिनिटं.”

“…”

“लुक, आता काय करू? सांग ना. लुक?”

लुकनं फोन ठेवला. त्यानंतर शैलेंद्रनं कितीदा लावला, पण त्यानं उचलला नाही. टेकडीवरचं काम शैलेंद्रनं सोडलं. त्यानं खिडकीला पुठ्ठा लावला, टेपनं चिकटवला. नऊला दोन मिनिटं असताना टेप आपोआप सुटला. पुठ्ठा खाली पडला.

गुडघे दिसले.

हे सगळं त्यानं मला सोळा तारखेला सांगितलं, रविवारी. मोठं वादळ होतं, आम्ही दोघं ड्राइव्हवे शोव्हल करत होतो. डोळे खोल गेले होते त्याचे. म्हणाला, “काल हात दिसले, काका. मांडीवर ठेवलेत. रोज थोडा थोडा खाली येऊन राहिला आहे. आता चेहरा दिसेल.”

मी इंजिनियर माणूस. एक्काहत्तर साली या देशात आलो, चाळीस वर्षं पंप बनवले. मी त्याला म्हटलं, तुला झोप नाही, इथला हिवाळा भल्याभल्यांचं डोकं फिरवतो, डॉक्टरला दाखव. त्यानं मान हलवली. “हो काका,” म्हणाला आणि माझ्या वाटणीचाही बर्फ त्यानंच काढला.

सोमवारी फॅमिली डेची सुट्टी होती, तुम्ही इथे नव्हता. दुपारी बर्फ थांबला. मागच्या अंगणात मांडीएवढा साचला होता, वर एक ओरखडा नाही. संध्याकाळी उणे बावीस. शीलाला सुट्टीच्या दिवशीही शिफ्ट होती, ती सातला गेली.

पावणेनऊला बेसमेंटच्या जिन्याचं दार वाजलं. मी फोनवर होतो, व्हँकुव्हरला, तुमच्या देवदत्त काकाशी. दार उघडलं. शैलेंद्र उभा होता. आंघोळ केलेली, केस विंचरलेले. म्हणाला, “काका, थोडा वेळ वर तुमच्यापाशी बसू का? फक्त सव्वानऊपर्यंत.”

मी फोनवर हात ठेवून म्हटलं, “पाच मिनिटं थांब. बोलावतोच.”

“हो, हो. सावकाश,” तो म्हणाला. आणि खाली गेला.

(आजोबा इथे थांबले. ईशानीनं त्यांच्या हातावर हात ठेवला, तो त्यांनी हळूच बाजूला केला.)

देवदत्तशी बोलणं लांबलं. मग मी खुर्चीत टेकलो. टीव्ही चालू होता. आणि मी… विसरलो. शपथेवर सांगतो, विसरलो. जाग आली ती सकाळी, शीलाच्या किंकाळीनं. सहा चाळीस.

मी स्लिपरवर मागच्या दाराशी धावलो.

अंगणात मध्यभागी आपली पांढरी प्लास्टिकची खुर्ची होती. उन्हाळ्यापासून तिथेच राहिलेली, बर्फात बुडालेली. आता ती बर्फाच्या वर होती. तिच्यावर शैलेंद्र बसला होता.

घरातला साधा शर्ट. पायात मोजे. पाय पुढे, अधांतरी. भुवयांवर, पापण्यांवर बर्फाचे कण. दोन्ही हात समोर, मुठी वळलेल्या… जसं काही मांडीवर आडवा दांडा आहे आणि तो घट्ट धरलाय. डोळे उघडे होते. वर बघत होता. कुणाची तरी वाट बघावी तसा.

शीला त्याच्या मुठी उघडायला बघत होती. बोट बोटापासून सुटत नव्हतं. “अहो, सोडा ना, अहो, हात सोडा,” म्हणत होती. ॲम्ब्युलन्सवाल्यांनाही जमलं नाही. त्याला आडवा करता येईना. बसल्या अवस्थेतच नेला, वर चादर टाकून. शेजारी खिडक्यांतून बघत होते.

पोलीस म्हणाले, डिप्रेशन, थंडी, असं होतं दर हिवाळ्यात. डॉक्टरांनी कागदावर गारठून मृत्यू असं लिहिलं. शीला मार्चमध्ये नागपूरला गेली. जाताना मला नमस्कार करायला वर आली नाही. तिला माहीत होतं, तो माझ्या दाराशी आला होता ते. त्यानं फोनवर तिला मेसेज केला होता, ‘काका बोलावतायत पाच मिनिटांत.’

आता एवढंच राहिलं. हे मी पोलिसांना दाखवलं नाही, शीलालाही नाही. लोक ये-जा करायच्या आधी मी दारात उभा राहून ते पाहिलं.

दारापासून खुर्चीपर्यंत शीलाच्या पावलांचे खड्डे होते, मांडीइतके खोल. फक्त तिच्याच. शैलेंद्रच्या पावलाचा एकही ठसा नव्हता. आणि खुर्चीच्या पलीकडे… स्कीच्या असतात तशा दोन रेघा निघाल्या होत्या. शेजारी शेजारी, बारीक, सरळ. अंगणाच्या उतारावरून थेट कुंपणापर्यंत. मी बर्फ तुडवत कुंपणापाशी गेलो. पलीकडे डोकावलो. फळ्या जागच्या जागी, वर बर्फ तसाच, आणि पलीकडच्या मोकळ्या जागेतही त्या तशाच पुढे गेल्या होत्या, खाली ओढ्याकडे. मध्ये एक वळण घेतलेलं होतं. छान, मोठं, निवांत वळण.